जुन्या मोटारीतील नवा स्वर

साठ वर्षांपूर्वीची एखादी अँबॅसडर किंवा फियाट आजही कोणाच्या तरी दारात उभी असते. आजोबांनी ती घेतलेली असते, वडिलांनी ती सांभाळलेली असते आणि आता ती नातवाच्या हाती आलेली असते. इंजिन दुरुस्त होते, रंग पुन्हा दिला जातो, बैठकींवर नवे कापड चढते. आणि गाडी पहिल्याच लांबच्या प्रवासाला निघाली की एक उणीव जाणवू लागते. गाडीत गाणे नसते. रेडिओ असलाच, तर तो कित्येक वर्षे मुका झालेला असतो. मग गाडी एखाद्या दुकानापाशी नेली जाते. तेथील कारागीर रेडिओची जागा मोजतो. आजच्या यंत्राला ती अपुरी पडते असे त्याला दिसते आणि तो पत्रा कापण्याचे हत्यार हाती घेतो. दहा मिनिटांत काम आटोपते. परंतु त्या दहा मिनिटांत जे कापले जाते ते पुन्हा मिळण्याजोगे नसते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले; कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड यांचे उत्पादन तर त्यापूर्वीच इतिहासजमा झाले. कापलेल्या डॅशबोर्डला आता कारखाना उरलेला नाही.

तेव्हा जुन्या गाडीत नवे संगीत आणावे की आणू नये, हा खरा प्रश्न नव्हे. गाडी चालविण्यासाठी असते, आणि प्रवासात गाणे ऐकावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. खरा प्रश्न असा की, हा नवा पाहुणा घरात आणताना घराची भिंत पाडावी लागते काय? थोडे विद्युत्शास्त्र आणि थोडे ध्वनिशास्त्र ध्यानी घेतले, तर ती पाडावी लागत नाही. जे बसविले ते उद्या काढता आले पाहिजे, आणि काढल्यावर गाडी होती तशी दिसली पाहिजे, एवढा एकच नियम सर्व कामाच्या मुळाशी ठेवला म्हणजे पुष्कळसे प्रश्न आपोआप सुटतात.

मोटारीत ध्वनी आणण्याची खटपट मोटारीइतकी नसली, तरी बरीच जुनी आहे. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीसाठी रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव धारण केले. जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीचा मोटार-रेडिओ १९३२ साली आला. त्याचे वजन सुमारे १५ किलो होते. त्या काळच्या रेडिओतील व्हॉल्व्हना शेकडो व्होल्टचा दाब लागे आणि मोटारीच्या बॅटरीत तर सहा किंवा बारा व्होल्ट असत. हा दाब वाढविण्यासाठी पुढे ‘व्हायब्रेटर’ नावाचे गुणगुणणारे साधन वापरात आले. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को या अमेरिकन कंपन्यांनी केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला, आणि दाब वाढविण्याची ही यातायात संपली. फिलिप्स कंपनीची कॅसेट १९६३ साली आली, मोटारीतील काँपॅक्ट डिस्क १९८४ साली आली. आणि आता खिशातील फोनमध्येच अवघे संगीतभांडार सामावले आहे.

या इतिहासावरून एक गोष्ट लक्षात येते. मोटारीचे आयुष्य अर्धशतकाचे असले, तर तीत बसणाऱ्या ध्वनियंत्राचे आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे असते. कॅसेटसाठी ज्यांनी डॅशबोर्ड कापला त्यांची कॅसेट गेली आणि भोक मात्र राहिले. आज जे यंत्र अद्ययावत म्हणून बसवावयाचे, तेही उद्या असेच कालबाह्य होणार आहे. अल्पायुषी वस्तूसाठी दीर्घायुषी वस्तूला कायमची इजा करणे हा व्यवहार तोट्याचाच होय.

कामाचा आरंभ कानाने न करता बॅटरीपासून करावा लागतो. तेथे प्रथम दोन गोष्टी पाहावयाच्या: दाब किती आहे आणि बॅटरीचा कोणता ध्रुव गाडीच्या पत्र्याला जोडलेला आहे. आजची बहुतेक यंत्रे बारा व्होल्टची असून त्यांना ऋण ध्रुव पत्र्याला जोडलेला, म्हणजे ‘निगेटिव्ह अर्थ’, लागतो. १९५० च्या दशकातील पुष्कळशा ब्रिटिश मोटारींत मात्र धन ध्रुव पत्र्याला जोडण्याची पद्धत होती. आणि काही अमेरिकन व जर्मन गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. मधल्या काळात कोणी जोडणी बदललेली असण्याचाही संभव असतो. म्हणून पुस्तकावर विसंबून न राहता बॅटरीपाशी जाऊन, कोणती जाड तार पत्र्याला गेली आहे हे डोळ्यांनी पाहावे. आधुनिक यंत्राचे धातूचे कवच त्याच्या ऋण टोकाला जोडलेले असते. ते धन पत्र्याच्या गाडीत तसेच बसविले, तर कवच डॅशबोर्डला टेकताच विद्युत्प्रवाहाला आडवाट मिळून यंत्र जळते. तार बिनफ्यूजची असेल तर तीही पेटते.

यावर उपाय दोन आहेत. पहिला असा की, गाडीचाच ध्रुव बदलावा. बॅटरीच्या तारांची अदलाबदल करावयाची, इग्निशन कॉइलच्या दोन्ही टोकांची आणि अँमीटरच्या टोकांची जोडणी उलटावयाची, आणि डायनामोच्या क्षेत्रकुंडलातून क्षणभर नव्या दिशेने प्रवाह सोडून त्याला नवा ध्रुव शिकवावयाचा. ज्यांत कायम चुंबक असतो अशा मोटरी मात्र उलट फिरू लागतात आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांना धोका पोहोचतो, म्हणून त्यांची आधी नोंद घ्यावी. या उपायात कोठे काही कापावे लागत नाही, आणि मनात येईल तेव्हा सारे पूर्ववत करता येते. दुसरा उपाय परिवर्तकाचा. आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज परस्परांपासून अलग ठेवणारी छोटी पेटी मिळते. ती धन पत्र्याच्या गाडीतही नव्या यंत्राला हवा तसा प्रवाह पुरविते. सहा व्होल्टच्या गाडीत दाब वाढविणारी पेटी लावता येते. तथापि तेथे एक हिशेब विसरून चालत नाही. बारा व्होल्टला जे काम अडीच अँपिअरमध्ये होते त्यालाच सहा व्होल्टला पाच अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. अशा गाडीत गाण्याची हौस बेताचीच ठेवावी हे बरे.

यापुढचा प्रश्न मिळकतीचा आणि खर्चाचा. आजच्या मोटारीत अल्टरनेटर असतो. तो इंजिन मंद चालत असतानाही पुरेशी वीज देतो. जुन्या गाडीतील डायनामोचे तसे नाही. १९६० च्या सुमाराचा एखादा डायनामो पूर्ण वेगात सुमारे वीस-बावीस अँपिअर देतो; पण इंजिन नुसते घुटमळत असले की त्याची मिळकत जवळजवळ शून्यावर येते. सिग्नलपाशी थांबल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणू लागतो तो याच कारणाने. आता खर्च पाहावा. ४५ वॅटचे दोन पुढचे दिवे साडेसात अँपिअर घेतात. इग्निशन, मागचे दिवे आणि पावसात वायपर, हे सर्व धरले की ढोबळ मानाने पंधरा-सोळा अँपिअर संपतात. शिल्लक राहतात सहाच्या आसपास, आणि तीही गाडी धावत असेल तेव्हा. पावसाळी रात्री, गर्दीच्या रस्त्यावर, मोठ्या आवाजात गाणे लावले तर ते डायनामोच्या मिळकतीवर वाजत नसून बॅटरीच्या ठेवीवर वाजत असते. आणि ठेव संपली म्हणजे दिवे मंदावतात व गाडी बंद पडते.

येथे यंत्राच्या पेटीवर छापलेल्या आकड्यांनी भुलून जाऊ नये. चार गुणिले पन्नास, म्हणजे दोनशे वॅट, असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्याच यंत्राच्या पाठीमागचा फ्यूज पुष्कळदा दहा अँपिअरचा असतो. चौदा व्होल्टला दहा अँपिअर म्हणजे एकशेचाळीस वॅट. आत जाणारी शक्तीच जर सातत्याने एवढी असू शकत नाही, तर बाहेर दोनशे कोठून येणार? खरी शक्ती दर स्पीकरला पंधरा-वीस वॅटच असते, आणि मोटारीच्या आतील लहानशा जागेला ती पुष्कळ होते. वेगळा अँप्लिफायर घ्यावयाचाच झाला, तर ‘डी’ वर्गाचा घ्यावा. जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरमध्ये मोठ्या आवाजातही जवळजवळ अर्धी शक्ती उष्णतेत वाया जाते. ‘डी’ वर्गाच्या अँप्लिफायरमध्ये हा अपव्यय पुष्कळच कमी असतो.

तारांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. जुन्या मोटारीतील तारांवर रबराचे आणि सुती विणीचे वेष्टन असे. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन हात लागताच झडते. त्यातच त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत सगळे मिळून दोनच फ्यूज असत आणि काही तारांच्या वाट्याला एकही येत नसे. अशा जीर्ण जाळ्यातील एखादी तार सोलून तिला नव्या यंत्राचा भार जोडणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय. नव्या यंत्रासाठी बॅटरीपासून थेट, सर्वस्वी स्वतंत्र अशी तांब्याची तार आणावी. चार मीटर लांबीच्या, दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेतून पंधरा अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारे दोन-तृतीयांश व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. तीच तार चार चौरस मिलिमीटरची घेतली तर केवळ पाव व्होल्ट. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज यंत्राचे रक्षण करतो असा समज असतो. वस्तुतः तो तारेचे रक्षण करतो. तो यंत्रापाशी लावला, तर बॅटरीपासून यंत्रापर्यंतची सारी तार निराधार राहते, आणि ती पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली तर तिला थांबविणारे कोणी उरत नाही. इंजिनाकडून आत येताना तार नव्या भोकातून आणू नये; जुन्या तारांसाठी असलेल्या रबरी कड्यातूनच ती ओवून घ्यावी.

एवढे केल्यावर यंत्र सुरू होते, आणि पुष्कळदा गाण्याबरोबर एक नको असलेली साथही ऐकू येऊ लागते. इंजिनाचा वेग वाढला की तिचा ताल वाढतो. स्पार्क प्लगमधील प्रत्येक ठिणगी ही एक छोटी रेडिओ-लहरच सोडत असते. मध्यम लहरींवर ती कडकड अशी ऐकू येते. प्लगच्या तांब्याच्या तारांऐवजी रोधयुक्त तारा घातल्या म्हणजे ही कडकड पुष्कळ कमी होते. डायनामोच्या ब्रशांवर उडणाऱ्या ठिणग्यांमुळे जी सूं-सूं येते तिच्यासाठी डायनामोच्या मोठ्या टोकाला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडतात; ‘एफ’ अक्षराच्या लहान टोकाला तो कधीही जोडू नये. यंत्राची आणि अँप्लिफायरची ऋण तार पत्र्यावर दोन निरनिराळ्या ठिकाणी न नेता एकाच ठिकाणी, गंज खरवडून काढलेल्या जागी, घट्ट आवळली की उरलेली बरीचशी कुरकुरही थांबते.

आता स्पीकरचा विचार. स्पीकरचा पडदा पुढे सरकला की त्याच्या पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन्ही लहरी परस्परविरुद्ध असतात. त्या एकमेकींना भेटल्या की आवाज मावळतो. खर्जाच्या बाबतीत हे विशेष घडते, कारण खर्जाची लहर फार लांब असते. सेकंदाला पन्नास कंपनांच्या स्वराची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. म्हणजे ती लहर सबंध गाडीहून लांब! स्पीकर नुसता मोकळा टांगला, तर मागची लहर कडेने वळून पुढे येते, तबल्यातील डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो आणि उरतो तो किनरा आवाज. म्हणून स्पीकरची पुढची आणि मागची बाजू अलग करणारी फळी किंवा पेटी आवश्यक असते.

दारांना भोके पाडणे हा यावरचा रूढ उपाय आहे, आणि जुन्या गाडीच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट. याहून चांगल्या तीन जागा गाडीतच असतात. पहिली जागा मागच्या काचेखालच्या फळीची. तेथील मूळ पुठ्ठा जपून काढून घ्यावा, त्याच्या मापाने प्लायवुडची नवी फळी कापावी, तीत स्पीकर बसवून वर शोभेसे कापड ताणावे. खालची डिकी मग आपोआप पेटीचे काम करते. दुसरी जागा पुढच्या बैठकीखालची. अँबॅसडरच्या सलग बैठकीखाली लहानशा बंद पेट्या पट्ट्यांनी बांधून ठेवता येतात. तिसरी जागा डॅशबोर्डवर मूळ स्पीकरसाठी ठेवलेल्या जाळीमागची. तेथे एकच स्पीकर मावतो; परंतु एकाच पडद्याला दोन कुंडले असलेले स्पीकर मिळतात, आणि त्यांत डावा व उजवा असे दोन्ही प्रवाह जोडता येतात. तिन्ही ठिकाणी गाडीचा पत्रा अबाधित राहतो.

स्पीकर निवडताना त्याच्या वॅटपेक्षा त्याची संवेदनशीलता पाहावी. एक वॅट शक्तीवर एक मीटर अंतरावर ९२ डेसिबेल आवाज देणारा स्पीकर आणि ८६ डेसिबेल देणारा स्पीकर यांत फरक केवळ सहाचा दिसतो. परंतु दुसऱ्याला पहिल्याइतका आवाज देण्यासाठी चौपट शक्ती लागते. डायनामोची मिळकत बेताची असताना ही निवड फार मोलाची ठरते. याच न्यायाने, आवाज वाढविण्यापूर्वी गोंगाट कमी करणे अधिक शहाणपणाचे असते. दारांच्या फाटलेल्या रबरी पट्ट्या बदलल्या, काचांची खडखड थांबविली, गालिच्याखाली फेल्टचा थर अंथरला, तर गाडीतील गोंगाट सहज काही डेसिबेलने उतरतो. आणि तीन डेसिबेलची घट म्हणजे दुप्पट शक्तीचा अँप्लिफायर घेतल्यासारखेच असते. फरशीच्या पत्र्याला डांबरी थर चिकटवून टाकण्याचा सल्लाही दिला जातो. परंतु मुंबई-कलकत्त्यासारख्या दमट हवेत त्या थराखाली पाणी मुरते आणि गंज दिसण्यापूर्वीच पत्रा खाल्ला जातो. सुटा फेल्ट पावसाळ्यानंतर उन्हात वाळविता येतो.

शेवटचा प्रश्न यंत्राच्या जागेचा. फोनमधील संगीत तारेविना घेणारे छोटे अँप्लिफायर आता मिळतात; ते बैठकीखाली ठेवले की डॅशबोर्डवर काहीच दिसत नाही. ज्यांना बटणे हवीत त्यांनी यंत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात, किंवा मुळातच असलेल्या स्क्रूंवर लोखंडी पट्टी अडकवून खालच्या बाजूस बसवावे. मूळ रेडिओची तबकडी आणि खुंट्या कायम ठेवून आत नवे मंडल बसविण्याचीही रीत आहे. परंतु तसे करताना आतील जुना संच फेकून देऊ नये. किंबहुना तो दुरुस्त होण्याजोगा असेल, तर त्याला हात न लावणेच इष्ट. जेथे मध्यम लहरींचे प्रक्षेपण चालू आहे तेथे तो अजूनही केंद्र पकडू शकतो. विविध भारती १९५७ साली सुरू झाली; तिची गाणी अशाच रेडिओंवर त्या काळच्या प्रवासात ऐकली गेली.

नवे यंत्र बंद असतानाही स्मरणासाठी थोडा प्रवाह घेत राहते, हेही लक्षात असावे. वीस मिलिअँपिअर ही मात्रा क्षुल्लक वाटते. पण तीस दिवसांत ती सुमारे साडेचौदा अँपिअर-तास होते, म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग. महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या गाडीला बॅटरी तोडणारा खटका लावणे म्हणूनच हिताचे.

काढता येण्याजोगे काम करावे, हा केवळ हौशी लोकांचा आग्रह नव्हे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली मान्य केलेल्या तुरिन सनदेत हेच तत्त्व मांडले आहे: बदल शक्यतो पूर्ववत करता येण्याजोगे असावेत आणि काढलेले मूळ भाग वाहनाबरोबरच जपून ठेवावेत. भारतातही २०२१ साली केंद्रीय नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन त्या नोंदणीस पात्र ठरते, आणि त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. जे वर्षानुवर्षे घराघरांतून सांभाळले गेले, त्याला नियमांनीही ओळख दिली, असे म्हणता येईल.

म्हणून काम पूर्ण झाल्यावर एक लहानसे काम आणखी करावे. काढलेला पुठ्ठा, जुना स्पीकर, रेडिओचा संच, अगदी त्याचे स्क्रूसुद्धा कापडात गुंडाळून, नाव लिहून, एका पेटीत ठेवावेत. कोणती तार कोठून कोठे गेली याचा आराखडा कागदावर काढून गाडीच्या कागदपत्रांत घालावा. आज जो नातू ही गाडी चालवितो तो काही तिचा अखेरचा धनी नव्हे. त्याच्यानंतर जो कोणी येईल त्याच्या काळी गाणी कोणत्या मार्गाने येतील हे आज सांगता येणार नाही. परंतु ती पेटी आणि तो आराखडा हाती असला, तर त्याला एका संध्याकाळी नवे यंत्र उतरवून जुना रेडिओ जागेवर बसविता येईल, आणि डॅशबोर्डचा पत्रा त्याला कारखान्यातून निघाला तसाच सापडेल.